हरिबाची चार हजार पावलं

"आवं, ह्ये बघा की. चुलीम्होरनं हाललेबी न्हाई आन् दोनशे बारा पावलं झाली माझी."

तानुबाईनं पिठाचा हात पुढं केला. मनगटावर नवऱ्याचं घड्याळ होतं. हरिबानं आंघोळीला जाताना ते काढून ठेवलं होतं, तिनं गंमत म्हणून घातलं आणि भाकरी थापायच्या नादात काढायचं विसरली. हरिबा डोकं पुसत वाकला, आकडा वाचला आणि तिथंच उकिडवा बसला.

"आजून एक थाप बघू."

तिनं थापली. आकडा चौदानं वाढला. झालं, हरिबाच्या डोक्याला भुंगा लागला.

घड्याळ मल्हारनं दिलेलं. पोरगा कराडला इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. उन्हाळ्यात हरिबाच्या हृदयानं दगा दिला, आणि दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, सध्या दिवसाला चार हजार पावलांच्या वर चालायचं नाही. मेंढरं विकायचं मल्हारनं तेव्हाच काढलं होतं, पण बाप हटून बसला. शेवटी दोघांत ठरलं ते असं: घड्याळ चार हजारांच्या आत राहिलं तर मेंढरं राहतील, नाहीतर हरिबाच्या चुलतभावाच्या, बिराप्पाच्या कळपात जातील. आकडा मोबाइलवरून रोज कराडला पोचायचा. दोन महिन्यांत तो दोन हजारांच्या वर गेला नव्हता. आता जतच्या उघड्या माळावर साठ मेंढरांमागं दिवसभर हिंडणारा गडी दोन हजार पावलं चालतो म्हणजे काय! हरिबा त्यावर खूश होता. ते खरं असेल का, हे मात्र त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी विचारलं. मेंढरं मोजायची ती विसांच्या हिशेबानं, तशीच तो पावलं मोजत निघाला. पाच विसा झाल्या की एक बारका खडा खिशात. काठी रोजच्यासारखी मानेमागं आडवी, दोन्ही मनगटं तिच्यावर टाकलेली. दहा खडे झाल्यावर त्यानं घड्याळ बघितलं. हजार पावलांतली घड्याळानं एकोणनव्वद धरली होती. मग काठी काखेत मारून, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसारखे हात हलवत तो पुन्हा दहा खडे चालला. आता नऊशे ऐंशी.

"हात्तिच्या," हरिबा मेंढरांना म्हणाला, "ह्ये पाय मोजतच न्हाई. हात मोजतंय."

शोध लागल्याचा त्याला एवढा आनंद झाला, की त्यातून आपलंच काय होणार हे कळायला ओढ्यापर्यंत जावं लागलं. पण मोजणं काही त्यानं थांबवलं नाही. दिवस मावळला तेव्हा बंडीचे खिसे लोंबत होते. खडे सत्त्याण्णव. घड्याळात एकोणीसशे ऐंशी, आणि त्यातली सव्वादोनशे तानुबाईच्या भाकरीची.

त्यानं अंगणात खडे ओतले आणि बायकोला सगळं सांगितलं.

"पाय सुजत्यात, त्ये म्या रोज दाबतीया," ती म्हणाली. "आन् मेंढरांबिगर तुमी कसं ऱ्हाल, त्येबी मला ठावं हाय. म्या काय सांगू?"

तीन दिवस दोघांनीही तो विषय काढला नाही. चौथ्या दिवशी मल्हारचा फोन आला.

"आबा, डॉक्टरांना आकडं दावलं. ते म्हणत्यात, येवढं कमी चालून पाय सुजत्यात म्हंजी गोळ्या लागू पडंनात. डोस वाढवायचा म्हणत्यात. छातीत मशीन बसवायचंबी काढलंय. मी रजा टाकतो."

हरिबाला पोराची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

"रजा टाकू नगंस. गोळ्यांचा दोष न्हाई, आसं सांग डॉक्टरला. म्या दिसाला धा हजार चालतोय."

"घड्याळात तर सोळाशे, सतराशे..."

"त्येला काठी कळत न्हाई रं."

मग त्यानं खडे सांगितले, भाकरी सांगितली, काठी वरती असली की किती आणि हात मोकळा सोडला की किती, तेही सांगितलं. सांगता सांगता त्याला पुन्हा मजा वाटायला लागली होती. मल्हार वर्कशॉपमधला माणूस, त्यालाही राहवेना.

"हजारात किती धरली म्हनालासा?"

"एकोणनव्वद."

"आबा, तुमी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"व्हय," हरिबा म्हणाला. "म्हून तर सांगितलं."

रविवारी बिराप्पा मेंढरं न्यायला आला. कुठली लंगडते, कुठली दुसऱ्याच्या पिकात तोंड घालते, कुठली पिल्लाला मागं ठेवून पाऊल टाकत नाही, हे हरिबानं त्याला एकेकीच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं. कळप निघाला तसा तोही निघाला. काठी घरीच ठेवली होती. आकडा खरा पडावा म्हणून हात हलवत चालला. माळावर आल्यावर त्यानं मनगट बघितलं आणि थांबला.

"दादा, ये की तळ्यापातूर," बिराप्पा म्हणाला.

"न्हाई गड्या. दोन हजार झाली. परत जायाला दोन हजार लागत्यात."

बिराप्पानं मान हलवली आणि कळप पुढं काढला. एक म्हातारी मेंढी तेवढी मागं राहिली, हरिबाकडं बघत. त्यानं जीभ टाळ्याला लावून रोजच्यासारखं तिला हाकललं, आणि ती बाकीच्यांना जाऊन मिळेपर्यंत तिथंच उभा राहिला.