मैनेनं दूध चोरलं

पावणेसहा वाजून गेले तशा केरबाच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मैना म्हशीची कास धुऊन झाली होती, पाटीत पेंड पडली होती, चरवी गुडघ्यांत धरून तो बसला होता. फोन तेवढा वाजत नव्हता.

फोन पाण्याच्या पिंपावर ठेवलेला. थोरली लेक क्रांती जूनपासून वारणानगरला कॉलेजात, हॉस्टेलवर. रोज धारेच्या वेळी तिचा फोन यायचा. केरबा आवाज मोठा करायचा आणि तिकडून तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. मेसच्या आमटीत डाळ शोधायची तर बुडी मारावी लागते. खोलीतली मुलगी झोपेत आईशी भांडते आणि झोपेतसुद्धा हरते. केरबा आपला "मग?" म्हणायचा, "पुढं?" म्हणायचा. अख्ख्या दिवसात त्याला याच्यापेक्षा गोड काही नव्हतं. पण चार माणसांत ते कबूल कसं करायचं? म्हणून त्यानं इथं दूधकट्ट्यावर सांगून ठेवलं होतं, "आमची मैना थोरलीचा आवाज ऐकल्याबिगर पान्हा सोडत न्हाई." लोकांना ते पटलं. सांगून सांगून त्याला स्वतःलाही पटलं.

धारेखाली ग्लास धरून दूध प्यायला पाचसहा गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यांत पुढं बाळासो पैलवान.

"आबा—" धाकटी प्रियदर्शनी म्हणाली. ती सातवीत. शाळेतून आली की मैनेच्या तोंडाशी उभं राहून तिची मान खाजवायची, हे तिचं काम.

"थांब गं, पिया. फोन यील."

त्यानं सड ओढला. चार थेंब आले आणि बंद. मैनेनं पाय झाडला.

"केरबा, दूध देतोस का नुसतं आश्वासन?" बाळासोनं ग्लास वाजवला.

"चोरलंय तिनं आज, कासंतच धरून ठेवलंय. दम काढा जरा."

तो उठला. फोन धोतराला पुसून बघितला. रेंज भरपूर होती. परत बसला, परत उठला.

"आबा, ऐका की—"

"मधी बोलू नगंस! फोन वाजला तर ऐकू यायचा न्हाई."

शेवटी त्यानंच लावला. फोन बंद असल्याचं कुणीतरी बाई सांगू लागली. काल पोरगी शिंकत होती. ताप तर नसेल? रस्ता ओलांडताना काही... तो चरवी खाली ठेवून बाळासोकडं वळला.

"पैलवान, तुझी गाडी दे. वारणानगरला जाऊन येतो."

"आणि म्हस?"

"म्हस जाऊ दे खड्ड्यात!"

"आबा!" पिया एवढ्यानं ओरडली की मैनेचे कान ताठ झाले. "आक्काचं प्रॅक्टिकल हाय! फोन बंद ठेवणार हाय, सातला करणार हाय. सकाळी तुम्ही वैरणीला गेलतासा तवा सांगितलं तिनं."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"मगाधरनं काय करालोय मी?"

गिऱ्हाइकं हसली. केरबा मटकन खाली बसला. जीव भांड्यात पडला होता, पण मैनेचं दूध काही चरवीत पडेना. सड तसेच घट्ट.

"बरं, मग तूच बोल काहीतरी," तो म्हणाला. "मैनेला आवाज लागतोय."

"माझा आवाज तिला रोजचाच हाय की." पिया मैनेच्या कानातली गोचीड शोधत होती. "मी तिलाच सांगतो सगळं. घरात दुसरं कोण ऐकतंय?"

रागानं बोलली असती तर केरबानं दोन शब्द सुनावले असते. ती सहज बोलली होती.

"काय सांगतीस तिला?"

"आता न्हाई सांगणार."

केरबानं सड सोडला. मैनेच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि कासेवरून नुसता हात फिरवत राहिला, ओढलं नाही. मागं ग्लास वाजायला लागले.

"अजून किती वेळ रं?"

"घाई करून न्हाई यायचं."

गोचीड सापडली. पियानं ती दगडानं चिरडली. मग मैनेच्या कानाकडं बघतच म्हणाली, "आज वर्गात बाईंनी विचारलं, कुणाच्या दप्तराला म्हशीचा वास येतोय?"

केरबाचा हात थांबला. "मग?"

"सगळी माझ्याकडं बघाय लागली."

"पुढं?"

"मी उभी राहिलो. म्हटलं, बाई, तुमच्या चहालाबी येतोय."

केरबा असा खदखदून हसला की मैनेच्या कुशीत त्याचं डोकं हललं. हाताखाली कास सैल झाली होती, सड भरून आले होते. बाळासोनं घाईनं ग्लास पुढं केला.

"थांब, पैलवान," केरबा म्हणाला. "बाई काय म्हणाल्या ते कळू दे आधी."