मामाची मिलनी

"लग्नाच्या दिवशी कुणाचीही मोटर जळणार नाहीये," दलबीर म्हणाली. "आणि जळलीच तर जळू दे. मामाच्या मिलनीला मामाच उभा राहील."

जसमेल सिंगने हातातल्या तारेवरून नजर काढली नाही. तरणतारण जिल्ह्यातल्या त्या गावात बोअरच्या मोटरी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. गेली तीस वर्षं गावात कुठलीही वरात दारात आली, की नेमकी कुणाची तरी मोटर जळायची आणि जसमेलला शेतावर पळावं लागायचं. मिलनी आटोपून जेवणं सुरू झाली की ती मोटर चालूही व्हायची. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि त्यामागचं कारणही.

ते कारण दलबीरच्याच लग्नात घडलं होतं. मिलनीत दोन्हीकडचे नातलग समोरासमोर येतात, बापाला बाप, भावाला भाऊ, मामाला मामा. हार घालतात, गळाभेट घेतात आणि मग जो तो समोरच्याला उचलायला बघतो. थट्टाच ती, पण ज्याचे पाय जमिनीवरून सुटले त्याच्या बाजूला पुढं सहा महिने ऐकून घ्यावं लागतं. जसमेल तेव्हा पंचविशीचा, अंगाने काटकुळा. दलबीरच्या थोरल्या दिराने त्याला सरळ काखोटीला मारलं आणि ढोलाच्या तालावर दोन चकरा घातल्या. वरातीतली एक बाई म्हणाली, "ही तर बाहुलीच की." त्या दिवसापासून तो पंचक्रोशीत बाहुली मिस्त्री झाला. नावाचं त्याला एवढं काही नव्हतं. बहीण आपल्यामुळे खाली मान घालून सासरी गेली, हे मात्र त्याच्या मनातून जात नव्हतं.

"तिकडचा मामा कोण आहे, माहितीये ना?" तो म्हणाला. "मलूक सिंग पहिलवान. एकशेवीस किलोचा गडी. त्यापेक्षा आपला फौजी उभा राहील. चुलत असला तरी मामाच आहे, आणि सहा फूट उंच आहे."

"फौजीने रवनीतला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती का? तू दाखवलीस, वीरा." दलबीरने भावाकडे बघत ओढणी सावरली. "तीच सांगतेय. मामा दारात नसला तर गुरू ग्रंथसाहिबासमोर जाऊन बसणार नाही म्हणते. आता तू बघ आणि तुझी भाची बघ."

ती गेल्यावर जसमेल बराच वेळ वर बघत बसला. दुकानाच्या तुळईला एक जुनी लोखंडी कप्पी टांगलेली होती. सत्तेचाळीस साली त्याचा आजा लायलपूरकडून बैलगाडीतून निघाला, तेव्हा घरातली पितळेची भांडी मागे टाकून त्याने विहिरीची ही कप्पी तेवढी गाडीत टाकली. बायको रडायला लागली, तर म्हणाला, जिथे जाऊ तिथे आधी पाणी काढावं लागेल. निम्मं गाव तसंच पलीकडून आलेलं. कुणी दागिने आणले, कुणी म्हैस आणली, पण कप्पी आणणारा हा एकटाच, म्हणून त्या म्हाताऱ्याची थट्टा अजून चालू होती. त्याच कप्पीवर जसमेलने आयुष्यभर अडीचशे फुटांवरून मोटरी वर ओढल्या होत्या. ओझं अंगातल्या जोरावर उठत नाही, ते कुठे धरलंय त्यावर उठतं, हे त्याला पहिलवानापेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने गोठ्यात सराव सुरू केला. पेंडीची दोन पोती एकत्र बांधायची, गुडघे वाकवायचे, मिठी कमरेखाली घालायची आणि उठायचं. पहिल्या दिवशी पोती जागची हलली नाहीत. आठव्या दिवशी बोटभर उठली.

"तुमच्या मिठ्या बघून म्हैस बुजलीये," बायको म्हणाली. "दूध चोरते."

"लग्नापर्यंत तिला म्हणावं सोसून घे."

पंधराव्या दिवशी त्याने दोन्ही पोती उचलून गोठ्याच्या दारापर्यंत नेली, आणि तिथेच बसून एकटाच हसला.

लग्नाच्या सकाळी गुरुद्वाऱ्याच्या दारात गुलाबी पगडी बांधून, नव्या मोजड्या घालून तो उभा राहिला. दलबीर त्याच्या पाठीशी फुलांचं ताट घेऊन होती. ग्रंथीजींनी अरदासची प्रार्थना म्हटली, बापांची मिलनी झाली, आणि मग त्यांनी मामांना पुढे बोलावलं. मलूक सिंग आला तेव्हा अर्धं दार झाकलं गेलं.

"पहिलवान, बाहुली आलीये," वरातीतून कुणीतरी ओरडलं. "वरच्या वर झेला."

ढोल चढला. जसमेलने हार घातला, मानाची घोंगडी पहिलवानाच्या खांद्यावर टाकली आणि मिठी थेट कमरेखाली घातली. धरलेली जागा पक्की होती. आता गुडघे सरळ करायचे, की तीस वर्षांचं उट्टं निघत होतं.

"भाऊ, उचलू नकोस," पहिलवान त्याच्या कानाशी पुटपुटला. "मणका गेलाय माझा. डॉक्टरने बादलीसुद्धा उचलू नको म्हटलंय. घरात कुणाला सांगितलं नाही, भाच्याच्या लग्नाचा विरस होईल म्हणून. मलाही तुला उचलता यायचं नाही. मिठी सोडू आणि जाऊ. हसू देत लोकांना."

जसमेलने मान वर करून बघितलं. पहिलवानाच्या कपाळावर घाम होता. मागे त्याचा भाचा नवरदेवाच्या पोशाखात टाळ्या वाजवत होता, आणि आपला मामा कुणाला उचलू शकणार नाही हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

जसमेलचे हात कमरेवरून सुटले. त्याला या माणसाचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

"घोंगडी दोन्ही हातांनी माझ्याभोवती पसरून धरा," तो हळूच म्हणाला. "मी मागे सरतो, तुम्ही मिठी न सोडता पुढे या."

त्याच्या मागे दाराच्या दोन पायऱ्या होत्या. टाचेने त्या चाचपून तो एका झटक्यात वर चढला आणि चवड्यांवर उभा राहिला. पहिलवानाचा देह आणि पसरलेली घोंगडी, यांच्यापुढे कुणाला पायरी दिसते? वरातीला एवढंच दिसलं, की बाहुली मिस्त्री हातभर वर गेला आणि पाय झाडतोय. झाडायचं म्हणून त्याने एक पाय मनापासून झाडलाही.

वरातीने डोक्यावर आभाळ घेतलं. फौजीने कपाळावर हात मारला. जसमेल खाली उतरला तेव्हा हसून हसून त्याची स्वतःची पगडी तिरकी झाली होती.

गडबडीत पायातलं दाराशीच सुटलं आणि उरलेला दिवस अनवाणीच गेला. आत लावांचे चार फेरे झाले, रवनीतने मामाकडे बघून डोळे पुसले, मग लंगरची पंगत बसली. मलूक सिंग भिंतीला पाठ टेकून बसला आणि जसमेल शेजारी येऊन बसेपर्यंत त्याने घासाला हात लावला नाही. जिलेबी आली तेव्हा त्याने आपल्या ताटातली अर्धी जसमेलच्या ताटात सरकवली.

वरात निघाली, तशी दाराशी जसमेलची मोजड्यांसाठी शोधाशोध सुरू झाली. त्याला एकच मोजडी मिळत होती.

"ही घे," दलबीर मागून आली. तिने ओढणीखालून दुसरी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. "पाय झाडलास तेव्हा पायरीवर पडली. वरच्या पायरीवर. सकाळपासून लपवून हिंडतेय."

"आणखी कुणी बघितलं?"

"मी बघितलं ना. पुरे झालं." तिने त्याची तिरकी पगडी दोन्ही हातांनी सरळ केली. "माझ्या लग्नातही माझी मान खाली गेली नव्हती, वीरा. मी घुंघटात हसत होते."

बाहेर वरातीची बस सुरू झाली होती. खिडकीतून कुणीतरी हात हलवून ओरडलं, "बाहुली मिस्त्री, सत श्री अकाल."

जसमेलने मोजडीत पाय सरकवला आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या हाकेला हात वर केला.