वारल्यासारखा खेळ

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही सायवन गावात, घरामागच्या खडकावर बसला आहात, कारण मोबाइलला रेंज येते ती तिथेच. रविवारची सकाळ आहे. हातात थोरल्या भावाचा फोन आहे आणि तोही तासाभरापुरताच मिळालाय. बसलात? मग तुम्ही आता जिवलीच्या जागी आहात.

जिवली सातवीतली. फोनवरच्या लढाईच्या खेळात तिचा नेम असा, की दूरच्या टेकडीवर झुडूप हललं तरी तिच्या नजरेतून सुटायचं नाही. तिच्या चौघांच्या टोळीत बाकीचे तिघे डहाणू रोडचे: म्होरकी श्रुतिका, आणि यतीन नि सुदर्शन. त्यांनी जिवलीला कधी पाहिलं नव्हतं. आवाजही ऐकला नव्हता. ती माइक बंदच ठेवी. शत्रू दिसला की नकाशावर खूण करी, बस्स.

त्याला कारण होतं. आधीच्या एका टोळीत ती घाईघाईत ओरडली होती, "तठं हेर, तठं!" म्हणजे तिकडे बघ. त्यावर कोणीतरी फिदीफिदी हसलं, "हे कुठल्या जंगलातून बोलतंय?" आणि तिला टोळीतून काढूनच टाकलं. ही टोळी तिला गमवायची नव्हती.

त्या सकाळी सुदर्शनचा नेम चुकला आणि यतीन खेकसला, "अरे, वारल्यासारखा काय खेळतोस! जा, झाडावर जाऊन बस!"

सुदर्शन खी खी हसला. जिवलीचे कान तापले. ती स्वतः वारली आदिवासी होती. तिची आई, तिचा भाऊ, अख्खा पाडा वारली.

तेवढ्यात खेळात यतीनलाच गोळी लागली. सोबत्याने वेळेत येऊन उठवलं नाही, तर तो बाद. "नॉक झालो! अरे, उठवा कोणीतरी, लवकर!"

जवळ होती ती जिवलीच. तिने त्याला तसंच सोडलं असतं, तर कोणाला कळलंही नसतं. पण ती गोळ्या चुकवत धावली, त्याच्याजवळ थांबली, आणि त्याला उठवता उठवता तिने माइक सुरू केला.

"यतीन, मी जिवली. सायवनची. वारली आहे मी."

तिने एकही शब्द गिळला नाही.

"मला... मला माहीत नव्हतं गं," यतीन म्हणाला.

"माहीत असतं तर मनात म्हणाला असतास ना?"



"चुकलास तू, यतीन," श्रुतिका म्हणाली. "आपल्यात हे चालायचं नाही. आणि जिवली, तू जाऊ नकोस हं."

"सॉरी, जिवली," यतीन पुटपुटला. "सुदर्शन, तुलाही सॉरी."

"त्याला कशाला?" जिवली म्हणाली. "त्याला तर तू वारली म्हणालास. तेवढं चांगलं तो खेळत नाय!"

सगळ्यांत मोठ्याने हसला तो सुदर्शनच. "खरंय बाबा, खरंय!"

यतीन उठून उभा राहिला. एरवी तो श्रुतिकाला विचारायचा. आज म्हणाला, "जिवली, आता कुठून जायचं?"

जिवलीने समोरची पडकी भिंत नीट न्याहाळली. "वाका सगळे. माझ्या मागं या," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या पुढे धावत सुटली.