सावडीचा ट्रक

हिवरमोह्याच्या त्रिंबकला बर्माच्या लढाईबद्दल विचारायची सोय नव्हती. दुपारी विचारणारा माणूस दिवेलागणीलाच सुटायचा. लढाईत तो अमेरिकन ट्रक चालवायचा. पुढे गावच्या सहकारी सोसायटीने लष्कराच्या लिलावात एक जुना ट्रक घेतला, तोही नेमका त्याच जातीचा निघाला. तेव्हापासून त्या ट्रकला त्रिंबकशिवाय कोणी हात लावला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरींचे तळ दिसू लागले. चेअरमन मोहनरावांनी बैठक बोलावली. "केजचा व्यापारी ट्रक मागतोय, देऊन टाकू. पानी इकत घ्यायला पैसा न्हाई, मंग ट्रक काय चाटायचाय?"

त्रिंबकला पुढचं दिसत होतं. ट्रक गेला तर पाणी आणायचं साधनच गेलं, आणि मग गावाला बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागणार.

"मोहनराव," तो उठून म्हणाला, "लढाईत अमेरिकेनं इंग्रजाला हे ट्रक दिले, ते काय रोख मोजून घेऊन दिले व्हय?"

"आला बर्मा," कोणीतरी कण्हलं.

"ऐका तर. इंग्रजाच्या थैलीत खडखडाट व्हता. अमेरिका म्हनली, वापरा, दुश्मनाला हटवा, लढाई सरल्यावर उरंल ते परत करा. आन् त्यांचे शिपाई हिकडं आले, तवा त्यांना तांदूळ, पेट्रोल, ऱ्हायाला छावन्या आपल्या मुलखानं दिल्या. त्याचं बी रोख बिल न्हाई. कितीतरी ट्रक असे जेवनात फिटले."

"म्हंजी सावडच की," मोहनराव म्हणाले.

"मंग? येवढ्या मोठ्या सरकारांनी सावड केली, आपल्याला कावून जमंना?"

सावड कोणाला सांगायला नको होती. एक बैल याचा, एक बैल त्याचा, आणि नांगरट दोघांची. त्यात भाडं नसतं. आज तू, उद्या मी.

दोन कोसांवरच्या बोरखडीला बायनाबाईची विहीर होती, कधी न आटणारी. तिथली सोसायटी कागदावर तिच्या दिराची होती, कारभार तिचा होता. पण वैरणीवाचून बोरखडीच्या बैलांची हाडं वर आली होती. ठरलं ते असं: ट्रकने गोदाकाठच्या फडांतून वैरणीला उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, आणायचे, विहिरीने पिंपं भरायची, पेट्रोल दोघांनी घालायचं.

पहिली खेप झकास झाली. दुसऱ्या खेपेला मोहनराव स्वतः निघाले, आणि तिथंच माशी शिंकली. पिंपं भरताना बघून त्यांच्यातला चेअरमन जागा झाला. बाईमाणसाचा मिंधा कशाला राहू, म्हणत त्यांनी नोटा काढल्या आणि विहिरीच्या काठावर ठेवल्या.

बायनाबाईने इंजिन बंद करायला लावलं. तिचा आवाज चढला नाही. "मोहनराव, सावडीत पैसा ठिवला म्हंजी सावड मोडली. उचला ते. आजपून पानी न्हाई, आन् तुमची वैरन बी नको."

परतताना मोहनराव त्याच नोटा पुन्हा पुन्हा मोजत होते. त्रिंबकला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने कोणाला न विचारता ट्रक गोदाकाठी नेला, वाढे भरले आणि थेट बायनाबाईच्या गोठ्यासमोर ओतले.

"वैरन नको म्हनलं व्हतं न्हवं?"

"बैलांनी कुटं भांडन केलंय, काकू?" एवढंच बोलून तो वळला. रिकामी पिंपं मागे खडखडत होती. विहिरीकडे बघितलं तर पाणी मागून बसू, या भीतीने त्याने मान वळवलीच नाही.

गावात बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्याची बायको सुंदरबाई सगळ्यांच्या पुढे होती. "अवो, रिकामा कावून आनला? बैलं जगवली त्यांची, आन् आमी?"

आज आपण, उद्या ती, एवढ्याच भरवशावर त्रिंबकने वाढे टाकले होते. बायनाबाई पाणी घेऊन आलीच नाही तर काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्याला बर्माची एकही गोष्ट आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरखडीच्या वाटेवर धुरळा उठला. बैलगाड्या येत होत्या, प्रत्येकीवर पाण्याची पिंपं. त्याचेच वाढे खाल्लेले बैल त्या ओढत होते. पुढच्या गाडीत बायनाबाई बसली होती. त्रिंबकचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

मोहनराव सामोरे गेले. सवयीने त्यांचा हात खिशात गेला, तसं सगळं गाव त्या हाताकडे बघू लागलं. खिशातून पानाची चंची निघाली. त्यांनी ती बायनाबाईपुढे धरली. "चुकलं माझं," ते म्हणाले.

तिने सुपारीचं खांड उचललं. "एक पिंप कमीच आनलंय. ते आमच्याकडं बाकी ऱ्हाऊ द्या. बाकी असली की मानूस येतं-जातं." मग ती त्रिंबककडे वळली. "तुझ्या त्या सरकारांचं फुडं काय झालं रं?"

"लढाई सरल्यावर बसले आन् हिशोब मिटवला त्यांनी, काकू."

"चुकलेच मंग," बायनाबाई म्हणाली.

त्या पिंपाची बाकी अजून चालू आहे.