पिमला हात लावायचा नाही

"सहा महिने पिमला तू उचलायचं नाहीस," ब्रॉनविन म्हणाली. "भरवायचं नाही, न्हाऊ घालायचं नाही. पडली, तरी जवळ घ्यायचं नाही. ते फक्त डॅरल आणि मी."

ब्रॉनविन माझी सून, डॅरल माझा एकुलता एक मुलगा. दुसऱ्या दिवशी दोघं थायलंडला निघणार होती, दोन वर्षांच्या पिमला दत्तक घेऊन घरी आणायला. चार वर्षं नुसते कागद, मुलाखती आणि वाट बघणं. तेवढ्या काळात माझे सात स्वेटर विणून झाले होते. प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा मोठा, कारण मूल येईपर्यंत केवढं झालेलं असेल कुणास ठाऊक!

"मग आजीने करायचं तरी काय?" मी विचारलं.

"भांडी घास," डॅरल म्हणाला. "तुझ्या हातची भांडी फार स्वच्छ निघतात, आई."

मला हसू आलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी शाळेचं कॅन्टीन चालवलं. आमच्या ह्युऑन खोऱ्यातली निम्मी माणसं माझ्या हातचं खाऊन मोठी झाली आहेत. आणि माझ्याच नातीला घास भरवायची मला बंदी! दत्तक कचेरीतल्या कुणा बाईचं हे खूळ आहे, असं पुटपुटत मी घरी आले आणि रागारागाने ओव्हन घासून काढला.

तीन आठवड्यांनी होबार्टच्या विमानतळावर त्यांना आणायला गेले. डॅरलच्या खांद्यावर एक इवलासा जीव. कपाळावर सरळ कापलेले केस, पायात गुलाबी चपला. त्याने तिला खाली ठेवलं तशी ती थेट माझ्याकडे आली, दोन्ही हात वर केले आणि लख्ख हसली. मला भरून आलं. हिने मला ओळखलं! उचलायचं नाही, म्हणून मी हात कोटाच्या खिशात कोंबले. तिने क्षणभर वाट पाहिली. मग वळून शेजारी उभ्या असलेल्या एका परक्या माणसासमोर तसेच हात वर केले. तेच हसू. तिथून फरशी पुसणाऱ्या बाईकडे. ब्रॉनने धावत जाऊन तिला उचललं, तर ब्रॉनकडे बघूनही तसंच हसली.

पुढचे दिवस असेच गेले. नळ दुरुस्त करायला प्लंबर आला, तर पिम त्याच्या मांडीवर. त्याने बिस्कीट दिलं, की दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार. "काय गोड पोर आहे! कुणाकडेही जाते," जो तो म्हणायचा. पण एकदा अंगणातल्या खडीवर पडून तिचे दोन्ही गुडघे फुटले. आवाज नाही. उठली, हात झटकले, खेळायला लागली. कुणाकडे वळून बघितलंसुद्धा नाही.

त्या दुपारी मी तिच्या फ्रॉकांच्या घड्या घालत होते. ब्रॉन सिंकपाशी माझ्याकडे पाठ करून उभी होती. नळ वाहत होता, पण हात हलत नव्हते.

"नोएला," ती मला म्हणाली, "तिला मी आणि तो प्लंबर सारखेच."

"अगं, लहान आहे. रुळेल."

"रुळलेलीच आहे ती. सगळीकडे. अनाथालयातल्या बायकांनी जीव लावला तिला, पण त्यांच्या पाळ्या बदलायच्या. सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. जी येईल तिला हसून दाखवायचं, एवढं पोरगी शिकली. आणि रडून हाक मारायची तरी कुणाच्या नावाने?"

त्या नियमाचा अर्थ मला तेव्हा कळला. कचेरीतल्या बाईला मी काय काय बोलले होते! लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गावात उतरले. पोस्टात, खाटकाकडे, चर्चनंतर चहाला थांबणाऱ्या बायकांत, सगळीकडे सांगून आले. पिमने हात वर केले, तर हसा, तिचं नाव घ्या, पण बोट दाखवा आईकडे. जो उचलेल त्याची गाठ माझ्याशी.

"अगं, मग तिच्या गळ्यात पाटीच लटकव ना, 'हात लावू नये' म्हणून," खाटीक म्हणाला.

"आधी तुझ्या गळ्यात लटकवते," मी म्हटलं.

लोकांना सांगणं सोपं होतं. स्वतः करणं कठीण. पिम माझ्यासमोर हात वर करायची आणि मी म्हणायची, "ती बघ तुझी आई." दिवसातून दहा वेळा. मग घरी येऊन एकटीच कुढत बसायची.

असे पाच महिने गेले. एप्रिल उजाडला, सफरचंदांची तोडणी संपत आली. डॅरल बागेत होता. ब्रॉन पिमला घेऊन माझ्याकडे आली होती आणि शेगडीसाठी लाकडं आणायला मागच्या शेडमध्ये गेली होती. पिम कोंबड्यांना हाका मारत मागच्या दारात गेली, पायरी चुकली आणि तोंडावर आपटली. ओठ फाटला, रक्त आलं. नियम-बियम काही मला आठवलं नाही. धावले आणि तिला उचलून छातीशी धरलं.

पोरीने अंग कमानीसारखं ताठ केलं. माझ्या तोंडावर फाडकन हात मारला, चष्मा उडाला, गालावर नखं ओढली. आणि आयुष्यात मी ऐकला नव्हता असा टाहो फोडला.

"आई! आईऽऽ!"

इतक्या महिन्यांत तिने ब्रॉनला हाक म्हणून मारली नव्हती.

ब्रॉन हातातली लाकडं टाकून धावत आली. पिमने माझ्या कडेवरून तिच्याकडे अक्षरशः झेप घेतली, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडली. किती रडली! गेल्या दोन वर्षांची सगळी पडझड त्या रडण्यात असावी. ब्रॉन पायरीवरच बसली. "आहे मी, इथेच आहे," एवढंच म्हणत डोलत राहिली. स्वेटरला रक्त लागलं होतं, तिचं लक्षही नव्हतं.

मी चष्मा शोधायला गुडघ्यांवर बसले होते. खोटं कशाला बोलू, काळजात बारीकशी कळ आली. तीही क्षणभरच. मग मला हसू फुटलं, आणि हसता हसता मीही रडायला लागले.

"नोएला, लागलं का गं तुला?" ब्रॉनने विचारलं.

"मी नको तिला," मी म्हटलं. "ऐकलंस ना? मी नको! तूच हवीस!"

संध्याकाळी डॅरल आला. माझ्या गालाकडे बघून म्हणाला, "हे काय, मांजर पाळलंस की काय?"

"तुझी लेक. आईकडे जायचं होतं तिला," मी म्हटलं.

तो मळक्या बुटांनिशी तसाच आत गेला. ब्रॉनच्या कुशीत, सुजलेला ओठ घेऊन पिम झोपली होती. बऱ्याच वेळाने त्याच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला.

त्या रविवारी चर्चमध्ये मी काही मागितलं नाही. नुसते आभार मानले. आधी देवाचे, मग सकाळ-रात्रीच्या पाळीतल्या त्या बायकांचे. हिला जगवून, नमस्कार करायला शिकवून त्यांनीच आमच्यापर्यंत पोचवलं होतं. त्यांना पत्रही धाडलं, सोबत पिमचा फोटो. रडतानाचा नाही; पुढे ती रडली तेव्हा डॅरलने घेऊ दिला नाही.

आता पिम चार वर्षांची आहे. बुधवारी ब्रॉन कामाला जाते, तेव्हा तिला माझ्याकडे सोडते. गाडी वळली की पिम फाटकाला धरून मोठ्याने रडते. मी शेजारी उभी राहते. दोनेक मिनिटांनी ती नाक पुसते, माझं बोट धरते आणि विचारते, "आजी, टोस्ट आहे?"

असतोच.