दोनच सीट

नणंदेनं त्या दुधी रंगाच्या गाडीची चारही दारं एकेक करून उघडली आणि धाडकन लावून पाहिली. मग तिनं डिकी उघडली, आत डोकं घातलं आणि तिथूनच म्हणाली, "दादा, आईची व्हीलचेअर, बाजाराच्या पिशव्या आणि वर माझं शिलाई मशीन, सगळं मावतंय बघ यात."

"आईला कुठे लागते व्हीलचेअर?" दादा म्हणाला.

"आत्ता नाही लागत. पण उद्या लागली तर?"

त्यांची आई तिथेच घड्याळांच्या दुकानाच्या पायरीवर टेकली होती. तिनं ऐकलं असणार, पण ती समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

गाडी एका घड्याळजीची होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यानं ती विकायला काढली होती, आणि दार आपटलं की दर वेळी त्याचे खांदे किंचित वर जात होते. गाडी जुनी होती, पण नीट ठेवलेली होती. किंमत तर इतकी कमी होती की नाही म्हणायला तोंडच उरत नव्हतं.

नाही म्हणावंसं वाटत होतं ते एकाच बाईला, आणि ती चार पावलं लांब, हाताची घडी घालून उभी होती. ती दादाची बायको, नणंदेची वहिनी, पायरीवर बसलेल्या सासूबाईंची सून आणि इस्पितळातली भूलतज्ज्ञ. रस्त्यापलीकडे तिची स्वतःची गाडी उभी होती, गडद निळी, जमिनीला चिकटलेली, दोन सीटांची. बाकीचे तिघं इथवर भाड्याच्या गाडीनं आले होते, कारण निळीत ते मावत नव्हते. आणि नेमका हाच त्यांचा मुद्दा होता.

निळी घेण्याआधीची वीस-बावीस वर्षं तिनं सात सीटांची गाडी चालवली होती. घरात गाडी आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? सासऱ्यांच्या तपासण्या, नणंदेची गिऱ्हाइकं, नवऱ्याचे परगावचे पाहुणे, एकदा तर शेजाऱ्यांचा आजारी कुत्रा. सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना झोपवायचं आणि उरलेला दिवस कुणाच्या तरी दाराशी गाडी लावून आपण जागं राहायचं, असं तिचं आयुष्य चाललं होतं. भीड भिकेची बहीण, असं तिची आई म्हणायची. त्या आईलाही दर महिन्याला डॉक्टरकडे तीच न्यायची.

गेल्या वर्षी मोठी गाडी मोडीत निघाली तेव्हा तिनं कुणालाही न विचारता, आपल्या कमाईतून ही निळी घेतली. पन्नाशीत बाईचं डोकं फिरलं, असं घरच्यांना वाटलं. वेगाचं तिला फारसं काही नव्हतं. तिला आवडत होतं ते एक वाक्य: "दोनच सीट आहेत हो." म्हणताना आवाजात थोडी हळहळ मिसळली की काम भागत होतं. नाही म्हणायचं काम गाडीच परस्पर करून टाकायची. आता हे लोक त्या वाक्याच्याच मुळावर उठले होते.

"तुझी गाडी विक, असं कुणी म्हणतंय का?" नवरा तिच्याजवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाला. "ती राहू दे की. तुझी हौस आहे. ही आपली रोजच्यासाठी."

"रोजच्यासाठी म्हणजे?"

"म्हणजे रोजच्यासाठी." तो कॉलेजात गणित शिकवायचा, पण घरी कुणी व्याख्या विचारली की चिडायचा.

नणंद डिकी सोडून आली. "वहिनी, तूच बघ ना. सोमवारी-गुरुवारी आईला व्यायामाला न्यायचं असतं. तुझ्या त्या गाडीत त्या गुडघ्यानं तिला बसता तरी येईल का? शनिवारी बाजार. माझे शिवलेले कपडे पोचवायचे असतात, दर वेळी भाड्याची गाडी केली तर माझ्या हाती उरणार काय? आणि रात्री-अपरात्री काही झालं म्हणजे?"

वैताग हा होता की यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. गुडघा खरा होता, बाजार खरा होता, कपडेही खरे होते. हातात धरून खोटं पाडावं असं काहीच सापडत नव्हतं. न्यायचं, आणायचं, पोचवायचं, सगळं ठरलं होतं. जणू गाडी आपली आपणच जाऊन येणार होती.

"एक चक्कर मारून बघा ना," घड्याळजी म्हणाला आणि त्यानं किल्ली नवऱ्याच्या हातात दिली.

नवऱ्यानं ती तशीच तिच्या हातात दिली. सासूबाईंना धरून मागे बसवलं, त्यांच्या शेजारी नणंद बसली, नवरा पुढे बसला आणि त्यानं पट्टा लावला. एकच दार उघडं राहिलं होतं.

तिचे हात आपोआप कामाला लागले. सीट पुढे, आरसा थोडा खाली, पाय क्लचवर. गाडी चांगली निघाली, हेच वाईट झालं. क्लच हलका, ब्रेक चोख. कुठे खडखड ऐकू येते का म्हणून तिनं कान टवकारले, पण घड्याळजीनं खडखडीला जागाच ठेवली नव्हती.

"हुश्श," नणंद मागे पाय पसरून म्हणाली. "याला म्हणतात गाडी."

नवऱ्यानं खिडकी खाली केली. "तू चालवतेस किती छान," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून तो हे म्हणत आला होता. दोघांनी लायसन्स एकाच दिवशी काढलं होतं. तो दोनदा चालवायला बसला, दुसऱ्यांदा घराचं फाटक वाकवलं, आणि तेव्हापासून त्याचं लायसन्स पाकिटात आणि तो शेजारच्या सीटवर. नणंदेकडेही लायसन्स होतं; बँकेत ओळख पटवायला ती ते दाखवायची. घरात तीन लायसन्स आणि चालवणारी एक. कौतुक ऐकून ऐकून हे आपलंच काम आहे अशी तिचीही समजूत झाली होती.

आरशात नणंदेचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले, अगदी निवांत.

"जाता जाता औषधांच्या दुकानाशी थांबू या," नणंद डोळे न उघडताच म्हणाली. "आलोच आहोत तर. माझं पाच मिनिटांचं काम आहे."

गाडी अजून घेतलीही नव्हती.

पाण्याच्या टाकीच्या भिंतीशी तिनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन चालू ठेवून ती खाली उतरली.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. गाडी चांगली आहे. घ्या."

"मग उतरलीस कशाला?"

"माझी गाडी तिकडे आहे. मी चालत जाते. तुम्ही ही घेऊन या."

"मी?"

"लायसन्स आहे ना तुमच्याकडे?"

"अगं, किती वर्षं झाली. भलतंच काय? मागे आई बसलीये."

"माझ्याही मागे त्या इतकी वर्षं बसल्या. मी काय आईच्या पोटातून शिकून आले होते?"

"वहिनी, रस्त्यात काय हे," नणंद म्हणाली. "लोक बघतायत."

"मग तू चालव."

नणंदेनं आपल्या बाजूची काच वर घेतली.

"सगळं ठरवलंत तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढू द्यायचा नाही असं तिनं मनाशी ठरवलं होतं, तरी तो चढलाच. "सोमवारी कुठे, शनिवारी कुठे. चालवणार कोण, हे एकानं तरी विचारलं?"

नवरा तिच्याकडे बघत राहिला. तो चिडला नव्हता, त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. "त्यात विचारायचं काय?" तो म्हणाला.

ती वळली आणि चालायला लागली.

टाकीची भिंत संपेपर्यंत नुसता संताप होता. त्यानंतर भीती वाटायला लागली. म्हाताऱ्या बाईला भर रस्त्यात टाकून आपण निघालो, हे काही बरं दिसत नव्हतं, आणि तिला स्वतःलाही बरं वाटत नव्हतं. दोनदा तिनं मागे वळून पाहिलं. गाडी होती तिथेच होती. आत्ता परत गेलो तर पुढची सगळी वर्षं परत गेलो, हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि तरी पाय मागे ओढत होते. शेवटी तिनं वळून बघायचंच सोडलं.

तिला एकटीच येताना पाहून घड्याळजी काउंटरमागून बाहेर आला.

"गाडी?"

"येतेय."

"कोण घेऊन येतंय?"

"ज्यांना घ्यायची आहे ते."

घड्याळजीनं मान उंचावून रस्ता पाहिला. "कागद अजून माझ्याच नावावर आहेत," तो चाचरत म्हणाला.

त्यानं तिला स्टूल दिलं, पण ती बसली नाही. स्वतःच्या गाडीची किल्ली खिशात होती. रस्ता ओलांडायचा आणि निघून जायचं, एवढंच करायचं होतं. ते काही तिच्यानं झालं नाही. दुकानातल्या घड्याळांची टिकटिक चालली होती आणि तिला त्या घड्याळांचासुद्धा राग येत होता.

आधी आवाज आला. पहिल्याच गिअरमध्ये कोंडलेलं इंजिन विव्हळत होतं. मग कोपऱ्यावरून दुधी गाडी वळली, थांबली, गचका खाऊन पुन्हा निघाली. तिच्या मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या. नवरा सीटच्या अगदी टोकाशी बसला होता आणि बुडणारा माणूस ओंडका धरतो तसं त्यानं स्टिअरिंग धरलं होतं. दुकानासमोर येऊन गाडी बंद पडली, अर्धी कडेला आणि अर्धी रस्त्यात.

नणंद सगळ्यांत आधी उतरली. "मी आपली भाड्याच्या गाडीनं जाते," ती म्हणाली. "पाय लटपटतायत माझे."

नवरा उतरला नाही. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "हिचा दुसरा गिअर पडत नाही," तो म्हणाला.

"पडतो," घड्याळजी म्हणाला. "क्लच पूर्ण दाबावा लागतो."

नवऱ्यानं क्लच पूर्ण दाबला, गिअर टाकला, काढला, पुन्हा टाकला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "सकाळी रस्ते रिकामे असतात. काही दिवस शेजारी बसशील का माझ्या?"

इतक्या वर्षांत गाडीच्या बाबतीत त्यानं तिला विचारलेलं हे पहिलंच काहीतरी होतं. हो अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते तिथेच धरून ठेवलं.

"रविवारी बसेन," ती म्हणाली. "रोज नाही."

त्यानं मान डोलावली. आभाळ कोसळलं नाही, नणंदेनंही काही म्हटलं नाही. तिला स्वतःचंच नवल वाटलं.

एवढ्यात मागचं दार उघडून सासूबाई उतरल्या होत्या. नणंदेनं पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला, दोन्हीकडे बघून सावकाश रस्ता ओलांडला आणि त्या निळ्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, तिकडे कुठे?" नवऱ्यानं खिडकीतून विचारलं. "ही घेतोय ना आपण तुझ्यासाठी."

"तू आधी शीक नीट," सासूबाई म्हणाल्या.

ती धावतच पलीकडे गेली. "आई, यात फार खाली बसावं लागतं. गुडघा दुखेल."

"तो पलंगावरही दुखतोच. वर्षभर बघतेय, सगळे गुडघ्यालाच विचारतात." त्यांनी काचेला हाताचा आडोसा करून आत पाहिलं. "तूसुद्धा."

तिनं खिशातून किल्ली काढली.

"दोनच सीट आहेत, दोनच सीट आहेत, म्हणायचीस," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. माहीत नसलेलं काही विचारावं तसं त्यांनी विचारलं, "एकीवर तू. मग दुसरीवर कोण बसायचं?"

वर्षभर तिनं कुणाकुणाला काय काय उत्तरं तयार ठेवली होती. या प्रश्नाचं नव्हतं.

"पर्स," ती म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली. तिनं दार उघडलं, वाकून सीटवरची पर्स उचलली आणि दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती म्हणून हातात धरून उभी राहिली. सासूबाई दाराला धरून, कण्हत, थांबत, थोड्या थोड्या करत खाली बसल्या. मग त्यांनी पर्ससाठी हात पुढे केला आणि ती मांडीवर घेतली.

"घरी नको इतक्यात," त्या म्हणाल्या.