नसलेली गळती

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याचा कान काय चीज असते ते ज्यांचा फ्रिज ऐन उन्हाळ्यात बंद पडलाय त्यांना विचारा. टिल्लीचे बाबा तर गिऱ्हाइकाच्या दारात चपला काढतानाच सांगायचे, "गॅस गळतोय, मागच्या पाइपातून." मग पाइपाला साबणाचा फेस लावायचा आणि बरोबर तिथेच बुडबुडा यायचा. घरात या कानाचा एवढा दरारा, की बाबा ऐकून "ठीक आहे" म्हणाले की कुकर ठीक, पंखा ठीक, शेजाऱ्यांची स्कूटरसुद्धा ठीक.

हाच कान घेऊन ते आज पोरीबरोबर निघाले होते, पण मनाविरुद्ध.

टिल्ली म्हणजे त्यांची एकुलती एक पोरगी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून टिल्ली, आता बापापेक्षा वीतभर उंच. सोमवारपासून ती बंदरात कामाला लागणार होती. काम कसलं, तर पाण्याखाली जाऊन जहाजांच्या तळाला चिकटलेली शिंपली खरवडायची. आता बोला! चांगली शिकली-सवरली आणि निवडलं काय, तर जहाजांची बुडं घासणं! सिलिंडर कंपनी देणार होती, पण सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर ज्याचा त्याने आणायचा. नवा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून वापरलेला बघायचं ठरलं.

"नीट ऐका हं," निघताना तिची आई बाबांना म्हणाली होती. "तुमच्या कानाच्या भरवशावर सोडतेय मी तिला."

बाबांनी नुसती मान हलवली. ज्या माणसाला न्हाताना डोक्यावर तांब्या ओतला तरी गुदमरल्यासारखं होतं, त्याने काय बोलायचं?

पाणबुड्यांच्या जुन्या सामानाचं ते दुकान अरुंद आणि लांबलचक होतं. खुंट्यांवर रबरी सूट लोंबत होते, कोपऱ्यात पाण्याने भरलेला निळा टब होता आणि भिंतीला साखळीने बांधलेला हवेचा एक सिलिंडर. दुकानाच्या मालकीणबाई स्वतः कधीकाळच्या पाणबुड्या. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम.

"डाव्या बाजूने बोला, भाऊ," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. "उजव्या कानात समुद्र शिरला तो आजतागायत बाहेर आला नाही. आणि ताई, चकाकीवर जाऊ नकोस. चकाकी काय, मी चिंच लावून उद्या आणून देईन. आणि सगळे पैसे इथेच उडवू नकोस. कुठलाही घेतलास तरी आतली रबरं बदलून घ्यावी लागतील, तो खर्च आधीच बाजूला काढ."

मग त्यांनी पेटारा उघडला. पहिला रेग्युलेटर पितळेचा, दिसायला राजबिंडा. बाईंनी सिलिंडरला जोडायचं तोंड उलटं करून आतली बारीक जाळी दाखवली. जाळी हिरवी पडली होती.

"खारं पाणी आत गेलंय. हा सुट्या भागांपुरता."

दुसऱ्याची नळी टिल्लीने टोकाशी वाकवली तर रबराला भेगाच भेगा. तिसरा झकास होता, पण तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. त्याचं एखादं वॉशर गेलं की शोकेसमध्ये ठेवायचा, असं बाईच म्हणाल्या. चौथा सिलिंडरला जोडल्यावर बाबांनी कान लावला आणि लगेच बाजूला सारला. "सूं करतोय." बाईंनी तो टबात बुडवला तर खरंच बुडबुड्यांची माळ वर आली.

"वा, भाऊ!" बाई म्हणाल्या. टिल्लीने अभिमानाने बापाकडे बघितलं.

आणि बाबांचं काय चाललं होतं म्हणता? एकेक रेग्युलेटर नापास होत होता तसतसा त्यांचा जीव भांड्यात पडत होता. रेग्युलेटर नाही तर सोमवार नाही. ती नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, पोरगी चार दिवस रुसेल आणि मग जमिनीवरचं काहीतरी बघेल. मनातल्या मनात त्यांनी तिला एका कार्यालयात टेबलामागे बसवूनसुद्धा टाकलं होतं.

तेवढ्यात बाईंनी पेटाऱ्याच्या तळातून पाचवा काढला. ओरखड्यांनी भरलेला, तोंडात धरायचं रबर कुणीतरी चावून चावून पार चोथा केलेलं. पण जाळी स्वच्छ करडी होती आणि नळ्या मऊसूत. टिल्लीने सिलिंडरकडच्या तोंडाला टोपण घट्ट लावून श्वास ओढून बघितला, हवा तसूभरही आली नाही, म्हणजे कुठे फट नव्हती. तोंडाचं रबर तर नवं बसवता येत होतं. याचे सुटे भाग कुठेही मिळतात, किमतीत बसतो, असं बाई सांगत होत्या. त्यांनी तो सिलिंडरला जोडला, चावी फिरवली. हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढला आणि एका जागी थांबला.

बाबांनी कान लावला. आत काहीच नव्हतं. कसलीही गळती नसलेल्या यंत्राची ती शांतता त्यांच्या चांगल्या ओळखीची होती, आयुष्यभर ते तिच्यासाठीच राबले होते. आज मात्र ती त्यांना नकोशी झाली. सोमवार एकदम अंगावर आला.

"सूं येतंय," ते म्हणाले.

टिल्लीने कान लावला. "मला नाही येत ऐकू."

"तुला नाही यायचं. बारीक आहे, आतल्या आत. आज एवढंसं आहे, खाली गेल्यावर दगा देईल."

बाईंनी आपला डावा कान लावला, भुवया उंचावल्या, बाबांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मला तर काही नाही वाटत. पण माझ्या कानाचं काय घेऊन बसलात," म्हणत त्यांनी रेग्युलेटर काढून फळीवर ठेवला. "बाप नको म्हणतोय तर नको."

झालं. काम फत्ते. बाबांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"असू दे बाबा," टिल्ली शांतपणे म्हणाली. "कंपनीच्या पेटीतला घेईन मग."

"कसली पेटी?"

"ज्यांच्याकडे स्वतःचा नसतो त्यांच्यासाठी असते एक, जुन्यापुराण्यांची. हाताला येईल तो उचलायचा. शिकताना तसलाच होता माझ्याकडे. श्वास घेतला की निम्मी हवा, निम्मं पाणी." ती किंचित हसली. "तुम्हाला सांगितलं नव्हतं. उगाच काळजी केली असती."

बाबांच्या पायांखालची जमीनच सरकली. ती जाणारच होती. रेग्युलेटर असो नसो, ती पाण्यात उतरणारच होती, आणि तिच्या तोंडातून चांगला रेग्युलेटर काढून घेणारा होता तिचा बाप!

एवढ्यात दुकानात एक दाढीवाला आला. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि नेमका फळीवरचा तोच रेग्युलेटर उचलला. जाळी बघितली, नळी वाकवली. "हा कितीला, काकू?"

"ठेवा तो!" बाबा ओरडले. दाढीवाला दचकला. "ठेवा म्हणतो ना! तो आमचा आहे."

"बाबा, अहो, तो गळतोय ना?"

"नाही गळत." बाबांचा आवाज फाटला. "काही नाही गळत त्यात. सगळ्यांत चांगला तोच आहे. मी खोटं बोललो."

दाढीवाल्याने रेग्युलेटर गुपचूप ठेवला आणि रबरी सुटांच्या आड कुठेतरी बघायला गेला. बाईंना एकाएकी पेटारा आवरायचं सुचलं. टिल्ली आरडाओरडा करेल असं बाबांना वाटलं होतं, आणि ती करती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं:

"का?"

"का म्हणजे? भीती वाटते मला! तू खाली जाणार, आणि मी वर. तिथे माझा कान काय कामाचा?"

"आणि आता चांगला म्हणताय ते खरं कशावरून?"

ज्या कानावर अख्खं घर डोळे मिटून चालायचं, त्याची किंमत या माणसाने एका वाक्यात मातीमोल करून टाकली होती. बाबांनी फळीवरून रेग्युलेटर घेतला, सिलिंडरला जोडला, चावी फिरवली. मग चष्मा काढून पोरीच्या हातात दिला.

"भाऊ, नुसता बुडवला तरी कळेल," बाई म्हणाल्या.

बाबांनी ऐकलं नाही. ते टबापाशी गुडघ्यांवर बसले, ते चघळलेलं रबर दातांत धरलं आणि डोकं पाण्यात घातलं. नाकात पाणी गेलं, कानांत गेलं, हात टबाच्या कडेला गच्च आवळले गेले. सगळं अंग म्हणत होतं, ऊठ. त्यांनी श्वास ओढला. हवा आली. कोरडी, थंड, हवी तेवढी. सोडली तेव्हा बुडबुडे कानांजवळून खळखळत गेले. पुन्हा ओढला, पुन्हा आली. टिल्लीने खांद्यावर थोपटेपर्यंत ते तसेच राहिले.

वर आले तेव्हा शर्ट छातीपर्यंत भिजला होता. बाईंनी टॉवेल पुढे केला.

"कसा आहे?" टिल्लीने विचारलं.

"हवा छान येते." त्यांनी तोंड पुसलं. "पण भीती वाटते गं. फार वाटते."

टिल्लीने चष्मा आपल्या ओढणीने पुसला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "दर वेळी वाटते. म्हणून तर तुम्हाला आणलं होतं बाबा."

मग ती बाईंकडे वळून रेग्युलेटरच्या किमतीवरून घासाघीस करायला लागली.